रेलिव्रिओ (एएलएसवरचं औषध): पंधरा महिने घेतल्यानंतरचा आमचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हे औषध आता मिळत नाही. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ते स्वतःहून मागे घेतलं. मग आता रिव्ह्यू कशाला असं वाटेल, पण एएलएसवर नवीन कुठलंही औषध येऊ घातलं की तशाच बातम्या येतात, घरातलं माणूस आजारी असलं की आपण त्या कशा वाचतो ते मी स्वतः अनुभवलंय, आणि या एका औषधात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं घडून गेलंय म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, हे जानेवारी २०२३ पासून एप्रिल २०२४ पर्यंत घेतलं. तो आणि वहिनी अमेरिकेत असतात, मीही तिथेच, गाडीने तासाभरावर.

औषधाला पाचपैकी एक स्टार. ते बाजारातून ज्या तऱ्हेने मागे घेतलं त्याला साडेचार. हे दोन आकडे एकाच रिव्ह्यूत कसे बसतात तेच सांगायचंय.

एएलएस म्हणजे मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जाणारा आजार. हात, पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. लक्षणं दिसायला लागल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. दादाच्या उजव्या हाताच्या बोटांपासून सुरू झालं, शर्टाचं बटण लागेना, आम्हाला वाटलं मानेची नस दबली असेल. मार्च २०२२ मध्ये निदान झालं. तेव्हा अमेरिकेत आजाराचा वेग कमी करायला दोनच औषधं मंजूर होती, १९९५ चं रिल्युझोल आणि २०१७ चं एडाराव्होन, आणि दोन्हींचा फायदा बेताचाच. त्यामुळे तिसरं काहीतरी येतंय म्हटल्यावर आम्ही किती आशेने बघत असू याचा अंदाज करा.

औषधाची गोष्ट ऐकायला फार छान होती, तेही सांगायला हवं, कारण गोष्ट छान असली की आकड्यांकडे लक्ष कमी जातं. जोश कोहेन आणि जस्टिन क्ली हे ब्राउन युनिव्हर्सिटीत शिकणारे दोन तरुण, २०१३ च्या सुमाराला त्यांच्या डोक्यात आलं की पेशी मरताना आतल्या दोन ठिकाणी गडबड होते, तर दोन्हीवर एकदम काम करणाऱ्या दोन गोष्टी एकत्र द्यायच्या. एक सोडियम फिनाइलब्युटिरेट, जे युरिया सायकलच्या दुर्मिळ आजारांसाठी आधीपासून वापरात होतं, आणि दुसरं टॉरर्सोडिऑल, म्हणजे पित्तातलं एक आम्ल, जे ट्युडका नावाने सप्लिमेंट म्हणून मिळतं. यातून अमायलिक्स कंपनी उभी राहिली. ट्रायलच्या खर्चासाठी एएलएस असोसिएशनने २२ लाख डॉलर दिले, आणि तो पैसा २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजमधून आलेला. लोकांनी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून जमवलेल्या पैशातून औषध तयार झालं, अजून काय पाहिजे होतं आम्हाला!

आता प्रत्यक्ष वापर. औषध म्हणजे पावडरची पुडी. एका पुडीत तीन ग्रॅम फिनाइलब्युटिरेट आणि एक ग्रॅम टॉरर्सोडिऑल. पहिले तीन आठवडे रोज एक, मग रोज दोन. साध्या पाण्यात, साधारण पाव लिटर, नीट ढवळायचं, तासाभराच्या आत संपवायचं आणि काही खाण्याच्या आधी घ्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण चव. कडू म्हणजे कारल्यासारखं चांगलं कडू नाही, कडूही आणि खारटही, आणि गिळून झाल्यावर घशात मागे बराच वेळ राहणारं. ज्या माणसाला गिळताना ठसका लागतो त्याने पाव लिटर असलं पाणी दिवसातून दोनदा प्यायचं म्हणजे काय ते समोर बसून बघितल्याशिवाय कळत नाही. दादा पेला टेबलावर ठेवूनच दोन्ही तळव्यांत धरायचा, वहिनी स्ट्रॉ धरायची, चार घोट झाले की थांबायचं, तोंड पुसायचं, परत चार घोट. रोज सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. वहिनीने सुरुवातीला ढवळायला साधा चमचा घेतला तर तळाशी गाळ राहायचा, मग ती ताकाची छोटी रवी वापरायला लागली, ते बरं पडलं.

पहिले काही आठवडे पोट बिघडलं, जुलाब, मळमळ. हे लेबलवर लिहिलेलंच होतं त्यामुळे तक्रार नाही, पण वजन टिकवणं ज्या आजारात इतकं महत्त्वाचं त्यात दोन किलो जाणं परवडणारं नसतं. शिवाय मीठ. दोन पुड्यांत मिळून ९२८ मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना डॉक्टरांशी बोलूनच. दादाला तो त्रास नव्हता म्हणून निभावलं.

किंमत! वर्षाला साधारण १ लाख ५८ हजार डॉलर. मंजुरी आली २९ सप्टेंबर २०२२ ला, आणि दादाच्या हातात पहिली पुडी आली जानेवारीत, कारण मधले तीन महिने इन्शुरन्सवाल्यांचा आधी नकार, मग अपील, मग अजून एक फॉर्म, मग फॅक्स मिळालाच नाही, मग परत फॅक्स. (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याने काही होणार नाही.) आजार मात्र या काळात थांबून बसत नाही. वहिनीने त्या तीन महिन्यांत जेवढे फोन केले तेवढे आयुष्यात केले नसतील.

आता आकडे, म्हणजे या रिव्ह्यूचा मुख्य भाग, आणि इथे मी चुकले ते स्पष्ट सांगते. मंजुरी ज्या ट्रायलवर मिळाली तिचं नाव सेंटॉर. १३७ रुग्ण, त्यातल्या ८९ जणांना औषध, ४८ जणांना प्लासिबो म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं, २४ आठवडे. एएलएसमध्ये बारा प्रश्नांचं एक मोजमाप असतं, बोलणं, लिहिणं, जिना चढणं, श्वास वगैरे, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण ४८. औषधवाल्यांचे महिन्याला सरासरी १.२४ गुण गेले, प्लासिबोवाल्यांचे १.६६. शेवटी फरक २.३२ गुणांचा. पी व्हॅल्यू, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना नुसत्या योगायोगानेही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०३; ०.०५ च्या खाली असली की फरक ठाम धरतात. मी तेव्हा हे वाचलं आणि फक्त "फरक पडला" एवढंच वाचलं. ०.०५ च्या खाली आहे म्हणजे झालं सिद्ध, असं धरून चालले. पण एकच ट्रायल, दीडशेसुद्धा माणसं नाहीत, आणि आकडा रेषेच्या थोडासाच अलीकडे, यात योगायोगाला चांगलीच जागा असते. स्नायूंची ताकद, श्वास वगैरे बाकी ज्या गोष्टी मोजल्या त्यांत ठाम फरक नव्हता. आणि मज्जापेशी मरताना रक्तात जे न्यूरोफिलामेंट वाढतं त्याच्यातही फरक नव्हता, हे तर त्याच पेपरमध्ये लिहिलेलं होतं आणि मी ते पान उलटून पुढे गेले. माझ्यासाठी तेव्हा तो रोगाबद्दलचा कुठलातरी तांत्रिक तपशील होता. आता पहिलं तेच शोधते.

पुढे जगण्याचा कालावधी वाढल्याचे आकडेही आले, सुरुवातीपासून औषध मिळालेल्यांचं जगणं मध्यक (मिडियन) धरला तर साडेसहा महिने जास्त, आणि ते आकडे आमच्या घरात फ्रिजवर लावल्यासारखे सगळ्यांना पाठ होते. साडेसहा महिने म्हणजे पुतणीचं ग्रॅज्युएशन, असा हिशोब वहिनीने मनात केला होता, तिने मला नंतर सांगितलं.

एफडीएचा, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, प्रवासही बघण्यासारखा आहे. आधी त्यांचं म्हणणं की अजून एक ट्रायल करा, मग भूमिका बदलली आणि अर्ज करू दिला. ३० मार्च २०२२ ला बाहेरच्या तज्ज्ञांची समिती बसली, दादाचं निदान झालं त्याच महिन्यात, आणि त्यांनी सहा विरुद्ध चार मतांनी पुरावा पुरेसा नाही असं सांगितलं. मी त्या दिवशी त्या सहा जणांवर इतकी चिडले होते की विचारू नका. जूनमध्ये कॅनडाने अटींसह मंजुरी दिली. एफडीएने तारीख तीन महिने पुढे ढकलली आणि ७ सप्टेंबरला तीच समिती पुन्हा बसवली, असं सहसा होत नाही. या वेळी सात विरुद्ध दोन, बाजूने. मधल्या काळात नवीन ट्रायल झालेली नव्हती, त्याच माहितीची आणखी विश्लेषणं तेवढी आली होती.

पण त्या दुसऱ्या बैठकीत एक गोष्ट घडली आणि माझे साडेचार स्टार त्या गोष्टीला आहेत. एफडीएच्या न्यूरोसायन्स विभागाचे प्रमुख बिली डन यांनी कंपनीला सर्वांसमोर विचारलं की फिनिक्स नावाची तुमची मोठी ट्रायल चालू आहे, ती फेल गेली तर औषध स्वतःहून मागे घ्याल का. जस्टिन क्ली यांनी घेऊ म्हणून सांगितलं. मंजुरी पूर्ण होती, कुठल्याही अटीची नाही, त्यामुळे असा शब्द दिलेला नसता तर बाजारातून औषध काढायला सरकारी खटाटोपात वर्षं गेली असती.

आणि युरोप? त्यांच्या समितीने २०२३ च्या जूनमध्ये नकार दिला, कंपनीने फेरविचार करायला लावला, ऑक्टोबरमध्ये परत नकार. तोच पुरावा, दोन वेगळे निर्णय. तेव्हा आम्हाला युरोपातल्या पेशंटांची दया आली होती.

८ मार्च २०२४ ला फिनिक्सचे निकाल आले. ६६४ रुग्ण, ४८ आठवडे, म्हणजे सेंटॉरच्या जवळजवळ पाचपट माणसं आणि दुप्पट वेळ. पी व्हॅल्यू ०.६६७. म्हणजे औषध आणि प्लासिबोत सांगण्यासारखा फरकच नाही. इतर मोजमापांतही नाही. मी ऑफिसमध्ये होते, फोनवर बातमी दिसली, मी ती तीनदा वाचली आणि वहिनीला फोन न करता संध्याकाळी सरळ त्यांच्या घरीच गेले.

तिला आधीच कळलं होतं. टेबलावर तिची वही उघडी होती. ही वही म्हणजे साधी दोनशे पानी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती दादाला ते बारा प्रश्न विचारून गुण लिहायची, क्लिनिकमध्ये विचारतात तसे. "हे बघ गं," म्हणाली आणि वही माझ्याकडे सरकवली. मार्च २०२२ ला ४३. औषध सुरू केलं त्या जानेवारीत ३७. म्हणजे औषधाशिवाय दहा महिन्यांत सहा गुण गेले. आणि एप्रिल २०२४ मध्ये, औषध बंद केलं त्या महिन्यात तिने जो आकडा लिहिला तो २८. पंधरा महिन्यांत नऊ. (एप्रिलचा आकडा अर्थात त्या संध्याकाळी नव्हता, तेव्हा मार्चपर्यंतचे होते, पण चित्र तेच दिसत होतं.) महिन्याला ०.६ आधी, महिन्याला ०.६ नंतर. पंधरा महिने आम्ही सगळे म्हणत होतो की औषध लागू पडतंय, बघा दादा किती हळूहळू जातोय, क्लिनिकमधल्या इतरांपेक्षा किती बरा आहे. तो पहिल्यापासूनच हळू जाणाऱ्यांतला होता.

एका माणसाच्या वहीतून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, औषध नसतं तर वेग वाढला असता असंही कुणी म्हणेल आणि ते खोडता येणार नाही. पण म्हणूनच तर प्लासिबो लागतो. समोर बसलेल्या माणसाकडे बघून औषध काम करतंय का हे कुणालाच सांगता येत नाही, घरच्यांना तर नाहीच नाही, आणि "आमच्या ह्यांना फरक पडला" असं जे लोक मनापासून लिहितात ते खोटं बोलत नसतात, आम्हीही तसंच लिहिलं असतं.

४ एप्रिलला कंपनीने जाहीर केलं की अमेरिका आणि कॅनडातून औषध मागे घेतोय, नवीन पेशंटना मिळणार नाही. २०२३ मध्ये या औषधाची विक्री अडतीस कोटी डॉलरच्या आसपास होती, कंपनीकडे विकायला दुसरं काही नव्हतं, सुमारे ७० टक्के लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तरी निकालानंतर महिन्याभरात शब्द पाळला. ज्यांना चालू ठेवायचंय त्यांना फुकट देऊ असंही सांगितलं, आणि आमच्यासाठी सगळ्यात अवघड तेच होतं. फुकट मिळतंय तर सोडायचं कशाला? पुतणी म्हणाली, चालू ठेवू या बाबा, नुकसान तर नाही ना. वहिनी काहीच बोलेना. न्यूरोलॉजिस्टने दोन्ही बाजू नीट सांगितल्या आणि निर्णय दादावर सोडला. दादाचं बोलणं तेव्हा जड झालेलं होतं पण समजायचं. तो म्हणाला, "दिवसाची चाळीस मिनिटं मला परत हवीत." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वीस मिनिटांत वहिनीने त्याला शिरा भरवला.

आता पुढे काय, कुठल्या औषधाला कितपत आशा, हे लोक मला विचारतात म्हणून माझं मत. हेच मिश्रण संपलेलं नाही, वुल्फ्रम सिंड्रोम नावाच्या फार दुर्मिळ जनुकीय आजारासाठी त्याची चाचणी झाली. त्यात लहान वयात डायबेटिस होतो आणि नजर जाते, आणि मंजूर औषध एकही नाही. कंपनीने सांगितलं की शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं ते मोजणारे आकडे घसरण्याऐवजी सुधारले. ऐकायला चांगलं आहे, आणि ज्या घरात तो आजार आहे तिथे आज काय वाटत असेल ते मला नेमकं माहीत आहे. पण त्या ट्रायलमध्ये रुग्ण होते १२, आणि प्लासिबो नव्हता. मी त्या घरातली असते तर आशा ठेवली असती आणि मोठ्या ट्रायलशिवाय विश्वास ठेवला नसता. दुर्मिळ आजारात एफडीए थोड्या पुराव्यावरही कधी कधी मंजुरी देतं, त्यामुळे मंजुरी मिळेल का आणि औषध काम करेल का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मी दोन वर्षं ते एकच समजत होते.

उलटं उदाहरण टोफरसनचं. एएलएसमधल्या साधारण दोन टक्के लोकांत एसओडी१ जनुकात दोष असतो, फक्त त्यांच्यासाठी, पाठीच्या कण्यातून इंजेक्शन देतात. त्याच्या मोठ्या ट्रायलमध्ये मुख्य मोजमापावर २८ आठवड्यांत ठाम फरक दिसलाच नव्हता, म्हणजे कागदावर फेल. पण न्यूरोफिलामेंट स्पष्ट खाली आलं. मार्च २०२३ मधल्या समितीने त्या मुद्द्यावर नऊ विरुद्ध शून्य मत दिलं, म्हणजे यावरून पुढे फायदा होईल असं मानायला आधार आहे, आणि एप्रिलमध्ये एफडीएने ॲक्सिलरेटेड म्हणजे पुढे पुरावा द्यायच्या अटीवर मंजुरी दिली. रेलिव्रिओत गुण थोडे सुधारलेले दिसले पण रक्तात काही नाही, इथे रक्तात दिसलं पण गुण मागे राहिले. मला आता दुसरं जास्त पटतं, कारण तिथे औषध जिथे पोचायला हवं तिथे पोचून काहीतरी करतंय हे तरी दिसतं. दादाची जनुक तपासणी केली होती. एसओडी१ नाही.

ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांना एक अगदी व्यवहाराची गोष्ट: नवीन औषधांच्या ट्रायलमध्ये जायचं असेल तर आधी बघा, उशीर करू नका. लक्षणं सुरू होऊन किती महिने झाले आणि फुप्फुसाची क्षमता किती टक्के उरली यावर बहुतेक ठिकाणी अट असते. आम्ही मंजूर औषध मिळालंय म्हणून दीड वर्ष ट्रायलकडे बघितलंच नाही, आणि या औषधाने आमचं सगळ्यात मोठं नुकसान काय केलं असेल तर हे. कडू चव नाही, मीठ नाही, हे.

आता दादा एका ट्रायलसाठी विचारतोय, महिन्यांची अट जेमतेम बसतेय. मागच्या आठवड्यात तिथल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी स्पीकर धरला होता. त्याने आधी विचारलं किती लोक, मग किती आठवडे, मग न्यूरोफिलामेंट मोजणार का. बाई एकेक सांगत गेल्या आणि वहिनीने वहीत नवीन पान काढून लिहून घेतलं. तिसऱ्या प्रश्नाला त्या म्हणाल्या हो, सुरुवातीला आणि नंतर ठरावीक अंतराने. दादाने मान हलवली आणि मला खूण केली की तारीख विचार.